लकव्यानंतरचा व्यायाम : ऐकीव आणि खरे

घरात कोणाच्या अंगावरून वारे गेले की आठ दिवसांत सल्ल्यांचा ढीग साचतो. भेटायला आलेला एक जण तेलाचे नाव सांगतो, दुसरा गावाचे, तिसरा यंत्राचे. सांगणारे खोटे बोलत नसतात. त्यांच्या ओळखीचा माणूस त्या उपायानंतर खरोखरच उठून चालू लागलेला असतो. प्रश्न एवढाच, की तो त्या उपायाने उठला का?

मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटला किंवा तिथे रक्तस्राव झाला की काही पेशी कायमच्या मरतात. भोवतालच्या बऱ्याच पेशी मात्र सुजेमुळे आणि आघातामुळे नुसत्या बंद पडलेल्या असतात. पुढच्या काही आठवड्यांत सूज उतरते, बंद पडलेल्या पेशींपैकी काही कामाला लागतात, मेंदू नव्या जोडण्या घडवू लागतो. बहुतेक रुग्णांमध्ये हे कमीअधिक प्रमाणात आपसूक घडते. त्या काळात जो उपाय चालू असेल, श्रेय त्याच्या खात्यावर जमा होते. खालचे बरेचसे गैरसमज या चुकलेल्या जमाखर्चातून आले आहेत.

“अमुक गावचे औषध घेतले की लकवा उतरतो.”

असे गाव जवळजवळ प्रत्येक जिल्ह्यात सांगितले जाते. ठरलेल्या वारी, रिकाम्या पोटी, तीन खेपा, वर कडक पथ्य. कुठे पारव्याचे रक्त चोळायला सांगतात. विश्वास बसतो याचे पहिले कारण वर आलेच आहे : खेपा नेमक्या त्याच आठवड्यांत होतात जेव्हा अंग आपसूक सुधारत असते. दुसरे कारण जास्त फसवे आहे. ‘लकवा’ म्हणून तिथे येणाऱ्यांत चेहऱ्याचा लकवा झालेलेही असतात. त्याला वैद्यकात बेल्स पाल्सी म्हणतात. त्यात चेहऱ्याची एक नस सुजते, तोंड वाकडे होते, डोळा मिटत नाही, पण मेंदूला काहीही झालेले नसते. यातले बहुसंख्य रुग्ण काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बरे होतात. पहिल्या तीन दिवसांत स्टेरॉइड सुरू झाले तर शक्यता आणखी वाढते, पण औषध न घेणारेही पुष्कळ बरे होतात. अशी माणसे गावोगाव त्या औषधाची कीर्ती सांगत फिरतात, आणि ज्यांना गुण आला नाही ते गप्प घरी बसतात.

दोन्ही आजारांत एक फरक साधारणपणे दिसतो. बेल्स पाल्सीत त्या बाजूची भुवई उचलत नाही, कपाळाला आठ्या पडत नाहीत. मेंदूच्या झटक्यात कपाळ सहसा शाबूत राहते, ओठाचा कोपरा ओघळतो, आणि बहुधा हातापायातली ताकदही गेलेली असते. हे समजण्यापुरते आहे, घरी परीक्षा घेण्यासाठी नाही. तोंड वाकडे झालेले दिसताच रुग्णालय गाठावे, कारण रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. गावच्या औषधाने जी खरी हानी होते ती पोटात गेलेल्या मात्रेने होईलच असे नाही. ‘पथ्य’ म्हणून रक्तदाबाच्या गोळ्या बंद होतात आणि सरावाचे मोलाचे आठवडे एसटीच्या प्रवासात जातात, ती हानी मात्र हमखास असते.

“महिनाभर रुग्णाला अंथरुणातून हलवायचे नाही.”

एवढा मोठा आजार म्हणजे विश्रांती, ही समजूत स्वाभाविक आहे. पण पडून राहिलेल्या शरीराला त्याची किंमत मोजावी लागते : पाठीवर जखमा, पायाच्या शिरांत गुठळ्या, छातीत कफ साचून न्यूमोनिया, आणि धडधाकट बाजूचीही घटणारी ताकद. म्हणून प्रकृती स्थिर झाली की बसवणे, उभे करणे पहिल्या काही दिवसांतच सुरू होते.

या समजुतीचे दुसरे टोकही तितकेच चूक आहे. जितक्या लवकर आणि जितके जास्त तितके बरे, असे काही काळ तज्ज्ञांनाही वाटत होते. ते तपासायला ‘अॅव्हर्ट’ नावाची चाचणी पाच देशांतल्या ५६ रुग्णालयांत, २,१०४ रुग्णांवर झाली. निष्कर्ष २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले आणि अपेक्षेच्या उलट निघाले. पहिल्या चोवीस तासांत सुरुवात करून वारंवार आणि भरपूर वेळ उठवलेल्या गटात तीन महिन्यांनी ४६ टक्के रुग्ण चांगल्या स्थितीत होते, नेहमीची काळजी घेतलेल्या गटात ५० टक्के. या दुसऱ्या गटातल्या रुग्णांनाही कोणी महिनाभर झोपवून ठेवले नव्हते. तेही साधारण पहिल्या दिवसाच्या आसपासच उठवले गेले होते, फक्त बेताने. पुढच्या विश्लेषणात थोडा थोडा वेळ पण अनेकदा उठवणे अधिक हितकारक दिसले. पहिल्या दिवशी घाई नको, दुसऱ्या आठवड्यात आळस नको, असा त्याचा व्यवहारी अर्थ.

“रोज मालिश करून हातपाय हलवून दिले की ताकद परत येते.”

या लेखातला सर्वांत खोल रुजलेला गैरसमज हाच, आणि तो समजण्यासारखाही आहे. लुळा पडलेला हात डोळ्यांना दिसतो, बिघडलेला मेंदू दिसत नाही. म्हणून उपचार हातावर केला जातो. मालिश करणारा तासभर घाम गाळतो, रुग्णाला बरे वाटते, घरच्यांना काहीतरी केल्याचे समाधान मिळते. पण हाताचे स्नायू आणि नसा मुळात बिघडलेल्या नसतात. त्यांना आज्ञा देणारा मेंदूचा भाग बिघडलेला असतो. तो शिकतो ते स्वतः आज्ञा देण्याचा प्रयत्न करून. दुसऱ्याने हात वर नेला तेव्हा रुग्णाच्या मेंदूने काहीच केलेले नसते.

हलवून देणे निरुपयोगी आहे असे नाही. हात अजिबात हलत नसेल तेव्हा तेवढेच करता येते, आणि खांद्याची व कोपराची हालचाल राखायला ते उपयोगी पडते. त्याने ताकद मात्र येत नाही. नुसत्या ताणण्याने सांधे आखडायचे थांबतात, हीही समजूत तपासली गेली आहे. उपलब्ध चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या पुनरावलोकनांत मेंदूच्या आजारांत स्ट्रेचिंगचा सांध्यांच्या हालचालीवर म्हणण्यासारखा फायदा आढळला नाही. मालिश आवडत असेल तर करावी, व्यायामाच्या वेळेत करू नये.

मग व्यायाम म्हणजे काय? टेबलावर प्लास्टिकचा अर्धा भरलेला पेला ठेवायचा. रुग्णाने खांदा कानाकडे न उचलता हात पुढे न्यायचा, बोटे उघडायची, पेला धरायचा, चार बोटे अंतरावर ठेवायचा, आणि सोडायचा. सोडणे बहुधा सर्वांत अवघड जाते. दहाव्या वेळी चेहरा लाल होतो, हात थरथरतो, पेला कलंडतो. तो कलंडलेला प्रयत्नही मेंदूच्या शिकण्यात धरला जातो. दोन-तीन प्रयत्नांनंतर ‘राहू दे, दमलास’ म्हणत मदतीला धावणारा प्रेमळ हात इथे आडवा येतो.

आणि हे किती वेळा? अमेरिका आणि कॅनडातल्या सात केंद्रांत थेरपीची सत्रे प्रत्यक्ष बसून मोजली गेली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, हाताच्या उपयोगी हालचालींचा सराव ज्या सत्रांत झाला त्यांत तो सरासरी ३२ वेळा झाला होता. प्राण्यांवरच्या ज्या प्रयोगांत मेंदूची फेरजुळणी दिसली, त्यांत एकेका सत्रात ४०० ते ६०० वेळा हालचाल करवून घेतलेली असते. माणसासाठी अमुक आकडा गाठला की हात येतो असा हिशेब नाही, तसा दावा करणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. पण बत्तीस फार कमी आहेत, आणि आठवड्यातून तीनदा येणाऱ्या थेरपिस्टच्या पाऊण तासावर सारे सोडून चालत नाही, एवढे त्यातून नक्की कळते.

“सहा महिन्यांत आले ते आले, पुढे काही येत नाही.”

हे वाक्य अफवेतून आलेले नाही, अनेकांनी ते दवाखान्यातच ऐकलेले असते. त्याला आधारही आहे. कोपनहेगनमध्ये सुमारे १,२०० रुग्णांचा पाठपुरावा झाला. १९९५ मध्ये आलेल्या त्याच्या निष्कर्षांत ९५ टक्के रुग्णांची रोजची कामे करण्याची क्षमता साधारण तीन महिन्यांतच आपल्या कमाल पातळीला पोहोचलेली दिसली. आपसूक सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत वेगाने होते आणि मग मंदावते, हे खरेच आहे. अमेरिकेतल्या ७२ रुग्णांच्या एका अलीकडच्या चाचणीत हाताचा वीस तासांचा जादा सराव वेगवेगळ्या वेळी देऊन पाहिला. सर्वाधिक फायदा तो झटक्यानंतर दोन ते तीन महिन्यांनी मिळालेल्यांना झाला. पहिले महिने वाया घालवू नयेत याचा एवढा स्पष्ट पुरावा दुसरा नसेल.

पण मंदावणे म्हणजे थांबणे नव्हे. लंडनच्या क्वीन स्क्वेअर इथल्या हाताच्या विशेष कार्यक्रमात २२४ रुग्णांना तीन आठवड्यांत ९० तास थेरपी दिली गेली. त्यांच्यातल्या निम्म्यांना झटका येऊन दीड वर्षाहून अधिक काळ लोटला होता. त्यांच्या हातात सुधारणा झाली आणि सहा महिन्यांनंतरही ती टिकलेली आढळली. तिथे तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हे ध्यानात ठेवायला हवे. तरी दीड वर्षाने झालेली सुधारणा आपसूक झाली असे म्हणणे कठीण आहे. नेहमीच्या अनुभवात सहा महिन्यांनंतर काही येत नाही याचे एक साधे कारण असे, की सहा महिन्यांनंतर बहुतेक घरांत व्यायामच बंद झालेला असतो. दोन वर्षांनी हात पूर्वीसारखा होईल असे सांगणे हीदेखील फसवणूक ठरेल. पण पेला धरता येणे, शर्टाचे बटण लावता येणे, आधाराविना शौचालयापर्यंत जाता येणे यांसाठी दार बंद झालेले नसते.

“चांगला हात आहे ना, सगळे त्यानेच करावे.”

सोय म्हणून हे योग्यच वाटते, आणि नुकसान इथूनच सुरू होते. सुरुवातीला हात हलत नाही म्हणून वापरला जात नाही. पुढे तो थोडा हलू लागला तरी न वापरण्याची सवय पक्की झालेली असते. एडवर्ड टॉब या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने हा प्रकार आधी माकडांत दाखवला. त्यावर बेतलेल्या पद्धतीत चांगल्या हातात जाड मोजा घालून त्याला अडवतात आणि कमजोर हाताकडून काम करून घेतात. झटक्यानंतर तीन ते नऊ महिने झालेल्या २२२ रुग्णांवर दोन आठवडे हे केले, तेव्हा त्यांचा हात नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत अधिक सुधारला आणि फरक वर्षभरानंतरही टिकला. ‘एक्साइट’ चाचणीचे हे निष्कर्ष २००६ चे. अट एकच : मनगट आणि बोटे थोडी तरी स्वतःहून उलगडता यायला हवीत. अजिबात न हलणाऱ्या हाताच्या माणसाचा चांगला हात बांधून ठेवणे म्हणजे छळ. मोजा न घालताही दाराची कडी, दिव्याचे बटण, टॉवेल ही कामे कमजोर हाताला नेमून देता येतात. वेळ लागतो, लागू द्यावा.

“रबरी चेंडू दाबा, कप्पी ओढा.”

दोन्ही वस्तू घरोघर दिसतात, कारण दोन्ही स्वस्त आहेत आणि व्यायाम केल्यासारखे दिसते. पण झटक्यानंतर बऱ्याच रुग्णांची मूठ आपोआप मिटू पाहते. त्यांची अडचण बोटे उघडण्याची असते. त्यांना दिवसभर मूठ आवळायला लावणे म्हणजे जे आधीच जास्त होते आहे त्याचाच सराव. चेंडू धरता येतो का हे पाहण्यापेक्षा तो टोपलीत सोडता येतो का हे पाहावे.

कप्पीचा प्रकार जास्त गंभीर. दारावर कप्पी बांधून चांगल्या हाताने दुसरा हात वर ओढतात. कमजोर खांद्याचे स्नायू सांधा जागेवर धरू शकत नाहीत, आणि ओढताना तो आतून चिमटला जातो. १९९० च्या एका छोट्या अभ्यासात कप्पी वापरणाऱ्यांपैकी ६२ टक्क्यांना खांदेदुखी सुरू झाली, थेरपिस्टने हाताने व्यायाम दिलेल्यांपैकी अवघ्या ८ टक्क्यांना. मार्गदर्शक तत्त्वांत आता डोक्यावरच्या कप्प्या टाळायलाच सांगितले जाते. याच कारणाने रुग्णाला उठवताना काखेत हात घालून किंवा मनगट धरून ओढू नये. दुखरा खांदा झाला की पुढचा सगळा व्यायाम अडतो.

“जोर लावला की अंग आणखी आखडते.”

अनेक वर्षे फिजिओथेरपीच्या शिक्षणातही हे सांगितले गेले, त्यामुळे रुग्णाला दोष देण्याचा प्रश्नच नाही. जोर लावताना हात क्षणभर ताठ होतो हे दिसतेही. पण अनेक चाचण्या एकत्र तपासल्यावर असे आढळले, की ताकदीच्या व्यायामाने ताकद वाढते आणि कायमचा ताठरपणा वाढत नाही. खुर्चीतून हात न टेकता उठणे-बसणे हा असाच व्यायाम आहे. आधी उंच खुर्ची, मग बुटकी. शेजारी भिंत आणि एक माणूस असावा.

“परवडत असेल तर रोबो आणि भारी इंजेक्शने, ती खरी थेरपी.”

यंत्र महाग असते म्हणून ते गुणकारी असणार, हा तर्क रुग्णालयाच्या जाहिराती पक्का करतात. अमेरिकेत ४०८ रुग्णांच्या ‘लीप्स’ चाचणीत (२०११) पट्ट्यांनी अंग तोलून ट्रेडमिलवर चालवण्याची तुलना घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टने करून घेतलेल्या ताकद आणि तोल यांच्या व्यायामाशी केली. वर्षअखेर दोन्हीकडे चालण्यातली प्रगती सारखीच. ब्रिटनमधल्या ७७० रुग्णांच्या चाचणीत हाताचा रोबोही नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरला नाही. यंत्रामुळे फेऱ्या वाढत असतील तर वापरावे, ते नाही म्हणून हळहळू नये. ‘करंट’चेही तसेच. रुग्ण स्वतः हालचालीचा प्रयत्न करत असताना दिला तर त्याची मदत होऊ शकते, पेपर वाचत लावून बसण्याने फारसे काही होत नाही. मेंदूला ताकद देणारे म्हणून सिटिकोलिन आपल्याकडे सर्रास लिहिले जाते. २,२९८ रुग्णांच्या चाचणीत (२०१२) त्याचा फायदा दिसला नाही. तो पैसा थेरपिस्टच्या भेटींवर खर्च करावा.

“मनावरच घेत नाहीत, नाहीतर केव्हाच बरे झाले असते.”

इच्छाशक्तीच्या गोष्टी ऐकून ही समजूत तयार होते, आणि रुग्णाला ती फार लागते. ज्याला आळस समजले जाते तो अनेकदा आजाराचाच भाग असतो. मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झालेल्या काही रुग्णांच्या लेखी डावी बाजू अस्तित्वातच नसते. दृष्टी शाबूत, पण ताटातली उजवीकडची भाकरी संपते आणि डावीकडची आमटीची वाटी तशीच राहते. दाढी अर्धीच होते, सदऱ्याची डावी बाही लोंबत राहते. अशा माणसाला ‘लक्ष दे’ म्हणून ओरडण्याने काही साधत नाही. डावीकडे बसून बोलणे, पाण्याचा तांब्या हळूहळू डावीकडे सरकवणे, मान वळवून शोधण्याची सवय लावणे याने थोडाफार उपयोग होतो. शिवाय झटक्यानंतर सुमारे एकतृतीयांश रुग्णांना केव्हा ना केव्हा नैराश्य येते. त्यावर उपचार आहेत. रडू येणे, झोप उडणे, जेवण तोडणे हे डॉक्टरांना सांगावे, त्याला नाटक समजू नये.

“घरच्यांनी शिकून घेतले की फिजिओथेरपिस्ट कशाला?”

आपल्याकडे ही केवळ कंजुषी नाही, नाइलाज आहे. गडचिरोलीच्या ग्रामीण भागातल्या एका अभ्यासात (२०१५) मृत्यूंच्या कारणांत मेंदूचा झटका पहिल्या क्रमांकावर, १४.३ टक्के, आढळला. म्हणजे हा शहरातला, सुखवस्तूंचा आजार राहिलेला नाही, आणि गावात थेरपिस्ट बहुधा नसतोच. म्हणूनच ‘अटेंड’ ही चाचणी भारतातच झाली : १४ रुग्णालये, १,२५० रुग्ण. एका गटातल्या नातेवाइकांना पुनर्वसनाचे व्यायाम शिकवून घरी पाठवले. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत मृत किंवा परावलंबी झालेल्यांचे प्रमाण सारखेच निघाले, ४७ टक्के. २०१७ मधला हा निकाल निराशाजनक होता, पण स्पष्ट होता. घरच्यांना थोडक्यात शिकवणे हा थेरपिस्टला पर्याय होत नाही. कोणती हालचाल आता शिकवायची, कुठली चुकीची सवय मोडायची, अवघडपणा केव्हा वाढवायचा, हे ठरवायला शिक्षण लागते.

घरच्यांचे काम वेगळे आहे आणि तेही कमी नाही : ठरलेल्या फेऱ्या होतात की नाही हे पाहणे, पडू न देणे, खांदा सांभाळणे, आणि मदतीचा हात वेळेवर मागे घेणे. घरी येणारा माणूस खरोखर फिजिओथेरपिस्ट आहे का, हेही त्यांनीच पाहायचे. महाराष्ट्रात २००२ च्या कायद्याने फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी यांची राज्य परिषद आहे. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच नको. गावात कोणीच नसेल तर तालुक्याच्या ठिकाणी महिन्यातून एक-दोनदा तरी जाऊन पुढचा पाठ घेऊन यावा. प्रत्येक भेटीत विचारायचे तीनच प्रश्न : या आठवड्यात कोणती क्रिया, दिवसातून किती वेळा, आणि ती जमू लागली हे कशावरून ओळखायचे. उत्तरे वहीत लिहून घ्यावीत, आणि व्यायाम कितीही छान चालला असला तरी रक्तदाबाची गोळी एकही दिवस चुकवू नये.